मोजमाप, खैरधानी

फॉर्मवर पहिला रकाना: स्मारकाचं नाव.
गावात त्याला नाव नाही.
विहिरीला विहीर म्हणतात, तसं देऊळ.

टेपचं एक टोक झिंगरूजी आत्रामांच्या हातात,
खाकी स्वेटर, कोपराला हिरव्या लोकरीचं ठिगळ,
एकोणीस वर्षं रोजंदारीवर पहारेकरी.
दुसरं टोक माझ्याकडे.
मध्ये सभामंडप. पाच मीटर एकवीस.
"फुटात किती जी?"
सतराच्या थोडं वर, मी सांगते.
ते मान डोलावतात,
घरच्या पोराचे मार्क ऐकल्यासारखी.

चुना नाही. गारा नाही.
दगडावर दगड, खाचेत कुसू,
आणि वरचा भार हाच खालच्याचा धीर.
बारा खांब, अकरा सारखे.
बाराव्याची बैठक उलटी,
पाकळ्या जमिनीकडे तोंड करून.
मी लिहिते: नंतरची दुरुस्ती, काळ अज्ञात.
"माह्या आज्यानं केली,
नाल्याचा पूर आत घुसला होता तवा.
सात माणसं, बैलाचे नाडे,
रातभर ओढला खांब.
उलटा हाय हे सकाळी दिसलं."
फॉर्मात आज्यासाठी रकाना नाही.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

कीर्तिमुखाच्या जबड्यात कापूस अडकलाय,
शेजारच्या वावरातून उडून आलेला.
इतकी शतकं आ वासून बसला,
आणि तोंडात काय पडलं, तर सरकी.

ओट्यावर नवकंकरीचा पट कोरलेला.
पाथरवटांचा की गुराख्यांचा, सांगता येत नाही.
एका कोपऱ्यातलं घर जास्त झिजलंय.
तिथं कुणीतरी नेहमी जिंकत असावं,
किंवा नेहमी अडकत.

बाहेर बिब्याखाली वीरगळ.
दगडाचेच तीन मजले.
तळाशी पाच गाई, एकीची मान मागे वळलेली.
त्यावर तो, पायी, दोन घोडेस्वारांसमोर.
सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून,
अंगावर एकही जखम नाही.
माथ्यावर चंद्र-सूर्य:
हे आहेत तोवर तुझं नाव.
ते आहेत.
नाव कोरायचंच राहिलं.
गाय व्याली की सुगंधाबाई पहिला चीक
इथं आणून ओततात.
त्याचा पिवळा पापुद्रा धरलाय छातीवर,
तलवारीच्या पात्यावरून मुंग्यांची रांग चढते.
कोण होता, मी विचारलं.
"असन कोणाचा तरी," त्या म्हणाल्या,
"गायी तं वाचल्या ना."
उंची चौऱ्याण्णव सेंटिमीटर. दगड काळा.
स्थिती या रकान्यात तीन पर्याय होते:
चांगली, मध्यम, वाईट.
मी चौथा लिहिला. वापरात.

ऊन कलताना गाभाऱ्याच्या दारापाशी आलो.
डाव्या शाखेवर खालून वर कमळं, एकावर एक,
आणि शेवटचं अर्धं.
चार पाकळ्या पुऱ्या,
पाचवीची नुसती रेघ,
मग छिन्नीचे तीन-चार ठिपके,
मग कोरा दगड.
शाळेतले ढोबळे गुरुजी सांगतात, भुतं बांधत होती,
कोंबडा आरवला, पळाली.
माझ्याकडे त्याहून बऱ्या शक्यता आहेत:
स्वारी आली, दाता वारला,
द्रव्य संपलं, पटकी पसरली.
कशालाच पुरावा नाही.
मी बोट फिरवलं त्या रेघेवरून.
हात डावखुऱ्याचा होता, एवढंच कळलं.

लिहिलं: अपूर्ण.

झिंगरूजी खांद्यावरून वाकून
एकेक अक्षर लावत वाचतात,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
"तसं लिवू नोका जी, मॅडम."
मग काय लिहू?
ते दाराकडे पाहतात, मग बाहेर,
तुरीच्या पिवळ्या शेतातून जाणाऱ्या पायवाटेकडे.

"जेवाले गेला असन."

शब्द खोडला.
कागद सरकारी, पातळ. फाटला जरा.
आता त्या रकान्यात भोक आहे,
आणि त्यातून
खालच्या पानावरचे आकडे दिसतात.